नाताळचं रंगकाम: आमच्या हिरव्या सांताचं काय करू?

शाईचाडाग | २ डिसेंबर, रात्री १०:४०

काल चिरंजीव (वय वर्षे ७) शाळेतून आले ते तोंड फुगवूनच. दप्तरातून सांताक्लॉजचं रंगवलेलं चित्र निघालं. दाढी पांढरी, बूट काळे, पट्टा काळा, सगळं रेषेच्या आत आणि कोट गडद हिरवा. खाली बाईंची लाल शाईतली टीप: "सांताचा कोट लाल असतो." मी विचारलं, हिरवा का रे दिलास? तर खांदे उडवले आणि खेळायला पळाला.

एवढ्यावर संपलं असतं, पण त्याच वर्गावर १८ तारखेला एक तास घ्यायचं मी पालकसभेत उत्साहाच्या भरात कबूल करून बसलेय. मुलं ३८, वेळ ४० मिनिटं, विषय नाताळ आणि रंगकाम. छापील चित्रांची थप्पी वाटून "रंगवा" म्हणणं सोपं आहे. पण एक जण पाच मिनिटांत गिचमिड करून मोकळा होतो, दुसऱ्याचा पट्टासुद्धा तास संपेपर्यंत होत नाही, आणि घरी गेल्यावर तो कागद जपून कोण ठेवतं?

मला असं काही हवंय ज्यात रंगवणं हेच मुख्य काम असेल आणि शेवटी हातात एखादी वस्तू येईल. कापूस चिकटवा, टिकल्या चिकटवा हे नको. त्यात रंग राहतो बाजूला आणि मुलं बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत बसतात. घरी चार वर्षांची धाकटी पण आहे, तिच्याजोगतं काही असेल तर तेही सांगा.

खडूपेटी | २ डिसेंबर, रात्री ११:१५

अकरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, त्यामुळे ३८ मुलं आणि ४० मिनिटं म्हटल्यावर आधी तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली.

आता कामाचं. पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर चित्र काढायचं आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे निळ्या रंगातून पांढरी झाडं, चांदण्या, हिमकण आपोआप वर येतात. दरवर्षी करते, आणि पहिला हात फिरल्यावर वर्गात जो "आऽऽ" होतो त्यासाठीच करते.

काही गोष्टी मात्र पाळा. खडू दाबून चालवायला सांगा. हलक्या हाताने काढलेलं चित्र रंगाखाली गडप होतं. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून मुलं रडकुंडीला येतात, त्यांना कागद उजेडाकडे तिरपा धरायला शिकवा, मेण चकाकतं. रंग पाण्यासारखा पातळच हवा. पोस्टर कलर जाडसर घेतला तर तो मेणालाही झाकून टाकतो. कागद १८० ते २०० जीएसएमची (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तर कागद जाड) कार्डशीट घ्या, झेरॉक्सचा ७५-८० जीएसएमचा कागद पाणी लागलं की पापडासारखा वळतो.

आणि सगळ्यात पहिलं काम म्हणजे मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव. सगळ्यात पहिलं! ओल्या निळ्या कागदांच्या ढिगात ३८ सारखी झाडं असतात आणि प्रत्येक जण म्हणतो, ते चांगलं आलेलं माझं.

निवांत | ३ डिसेंबर, सकाळी ७:५०

खडूपेटी ताईंना अनुमोदन, आणि एक दुःखद आठवण. गेल्या वर्षी घरच्या प्रिंटरवर वीस शुभेच्छापत्रांच्या बाह्यरेषा छापल्या, रात्री एक वाजेपर्यंत बसून कापल्या. लेकीच्या मैत्रिणी आल्या, जलरंग काढले, पहिला कुंचला फिरला आणि रेनडिअरची शिंगं विरघळून त्याच्या डोळ्यांत उतरली. मग दुसरीच्या घंटेची काळी गंगा. सहा वर्षांच्या नऊ मुली माझ्याकडे बघत होत्या, कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

कारण नंतर कळलं. इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनमध्ये टोनरची भुकटी तापवून कागदावर वितळवलेली असते, तिच्यावर पाणी गेलं तरी रेष हलत नाही. तेव्हा जलरंग वापरायचे असतील तर घरी एकच प्रत काढा आणि बाकीच्या झेरॉक्स करून आणा.

कागदवेडी | ३ डिसेंबर, दुपारी १:२०

इथे पातळ कागदाचा अपमान चाललाय म्हणून आले. :)

झेरॉक्सच्या कागदाचा खरा उपयोग खिडकीसाठी. चर्चच्या रंगीत काचा पाहिल्यात ना, जाड काळ्या रेघा आणि मध्ये रंगांचे तुकडे? तसं चित्र काढायचं. घंटा, मेणबत्ती, चांदणी, काहीही, पण रेघ बोटाएवढी जाड आणि आतले तुकडे मोठे. मेणखडूने भरगच्च रंगवायचं, पांढरं राहू द्यायचं नाही. मग कागद पालथा घालून कापसाच्या बोळ्याला खायच्या तेलाचे तीन-चार थेंब लावायचे आणि पाठीवरून गोल गोल फिरवायचा.

माझ्या भाचीने पहिल्यांदा केलं तेव्हा ती बोळा फिरवता फिरवता एकदम थांबली, कारण टेबलावर ठेवलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं तिच्या मेणबत्तीतून दिसायला लागली होती. "मावशी, कागद ओला नाही झाला, पातळ झाला!" म्हणाली. खरं तर पातळ नाही होत. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. तेल त्या हवेची जागा घेतं आणि उजेड बराचसा सरळ आरपार जातो. पण "पातळ झाला" हे तिचं वाक्यच मला जास्त आवडतं.

जादा तेल टिपून, वर्तमानपत्रांच्या घडीत रात्रभर ठेवून मग खिडकीला लावा. लगेच लावलंत तर काचेवर डाग पडतात आणि ते पुसणारे हात तुमचेच असतात. हाच कागद बरणीभोवती गुंडाळला की कंदील होतो. आत खरी मेणबत्ती अजिबात नको, कागद तेलकट आहे. बॅटरीवरची चालेल, फक्त तिच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघून घ्या. त्या चपट्या गोल बॅटऱ्या लहान मुलाने गिळल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. चार वर्षांची घरात आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट दवाखाना.

वाचनवेल्हाळ | ३ डिसेंबर, रात्री ९:०५

कोणी हिरव्या सांताबद्दल बोलतच नाहीये! तो बिचारा धाग्याच्या नावात आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चित्रांत 'फादर ख्रिसमस', म्हणजे तिथला सांता, कितीदा तरी हिरव्या झग्यात दिसतो. अमेरिकेत टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून 'हार्पर्स वीकली' साप्ताहिकात सांता काढला आणि आजचा गोल पोटाचा, दाढीवाला सांता बराचसा त्याचा. पण ती चित्रं लाकडी ठशांवरून काळ्या-पांढऱ्यात छापलेली. म्हणजे रंग भरायचं काम तेव्हाही वाचकाच्याच डोक्यात! आणि लाल कोट कोका-कोलाने दिला असं जे सांगतात तेही पूर्ण खरं नाही. त्यांच्यासाठी हॅडन सन्डब्लॉमने १९३१ पासून केलेल्या जाहिरातींनी तो घरोघरी पक्का केला, पण लाल सांता त्याआधीही छापला जात होता. तेव्हा तुमच्या मुलाला पूर्ण गुण.

शिवाय वर्गासाठी एक कल्पना. पहिलं छापील नाताळ शुभेच्छापत्र १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी काढून घेतलं. हेच पुढे तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. पत्रं इतकी लिहायची होती की हात दुखायची वेळ, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराला गाठलं. शिळाछापावर बाह्यरेषा छापल्या, साधारण हजार प्रती, आणि रंग मात्र हाताने भरले! झेरॉक्स केलेलं चित्र मुलांना रंगवायला द्यायचं आणि सांगायचं, पहिलं कार्डही असंच झालं होतं. (त्या चित्रातलं कुटुंब वाइनचे पेले उंचावतंय आणि एका लहान पोरालाही घोट पाजतंय, त्यावरून तेव्हा बरीच आरडाओरड झाली. हा भाग वर्गात गाळा.)

सरळरेष | ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

इतिहास छान, पण मला बाईंची बाजू घ्यायचीय. सातव्या वर्षी "जसं दिसतं तसं रंगव" हाही एक धडा असतो. उद्या पान निळं आणि आकाश तपकिरी केलं तर तेही कल्पनाशक्ती म्हणून सोडायचं का? सूचना ऐकून त्याप्रमाणे करणं यायला नको?

खडूपेटी | ४ डिसेंबर, दुपारी ३:४०

@सरळरेष, सूचना ऐकली का हे बघायचंच असेल तर तसं सांगून बघावं: "आज टोपी लाल, मोजे पिवळे." तो वेगळा खेळ, आणि मुलांना आवडतो. पण पान झाडावर जाऊन बघता येतं, सांताचा कोट कुठे बघणार? मी स्वतः अशा टिपा पहिली दोन-तीन वर्षं लिहिल्यात. आता चित्रावर काहीच लिहीत नाही. मागे लिहिते, पेन्सिलीने.

दोनचष्मे | ४ डिसेंबर, रात्री १०:१०

वाचनमात्र असते, पण इथे लिहावंसं वाटलं. शाईचाडाग, घाबरवत नाहीये, पण एकदा डोळ्यांचे रंग तपासून घ्या.

आमच्या मुलाने पहिलीत नाताळचं झाड रंगवलं तेव्हा खोड हिरवं आणि पानं तपकिरी होती. आम्ही हसलो, फोटो काढून आजीला पाठवला. तिसरीत कळलं की त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे कळत नाहीत, आणि गडद लाल त्याला जवळजवळ काळा दिसतो. तोपर्यंत तो खडू त्यांच्या डब्यातल्या जागेवरून ओळखत होता. कोणी जागा बदलली की चुकायचा, आणि आम्हाला वाटायचं लक्ष नाही.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एकाला हे असतं, स्त्रियांत २०० मध्ये एखादीला. इतर वंशांत प्रमाण कमी आढळतं, पण मुलांच्या मोठ्या वर्गात एखादा असू शकतो. बहुतेक वेळा हा दोष असलेलं गुणसूत्र आईकडून आलेलं असतं आणि आईला स्वतःला काही जाणवत नाही. तपासणी सोपी आहे, ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा. जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये केलेले तक्ते अजून वापरतात.

आणि नाताळ म्हणजे नेमके लाल आणि हिरवा! वर्गात खडूंवरची कागदी वेष्टणं सोलू देऊ नका. रंगाचं नाव त्यावर असतं, नसलं तर आपण लिहायचं. आमचा लेक आता वाचून रंग घेतो आणि त्याचं झाड हिरवं असतं. मला ते तपकिरी झाडही आवडायचं, हे खरं.

शाईचाडाग | ४ डिसेंबर, रात्री ११:००

@दोनचष्मे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. तपासून घेते.

सहाकोनी | ५ डिसेंबर, सकाळी ११:४५

हिमकणांचा विषय निघालाच आहे तर माझं ठरलेलं रडगाणं: हिमकणाला आठ टोकं नसतात हो! बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात म्हणून टोकं सहा. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्येच "सहाच का?" यावर छोटं पुस्तक लिहिलं. तरी दरवर्षी खिडक्याखिडक्यांतून आठ टोकांचे हिमकण लोंबतात, कारण कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडणं सोपं.

सहा टोकांची घडी अशी: चौरस कागद कोपऱ्याला कोपरा लावून त्रिकोण करा. तो पुन्हा अर्धा दुमडा. आता जो काटकोन आहे, कागदाचा मधला बिंदू, तिथून तीन समान भाग करायचे, एक बाजू पुढे आणि एक मागे दुमडून. खाली आलेली दोन शेपटं कापून टाका. बारा पदरांची निमुळती पाचर हातात येते, तिच्या कडा कातरायच्या. तीन समान भाग मुलांना जमत नाहीत, ती घडी मोठ्यांनी घालून द्यावी.

रंगकाम हवंय ना? मग साधा कागद न घेता कॉफी गाळायचा गोल कागद घ्या. मध्यभागापासून थोडं लांब काळ्या स्केचपेनने कडं काढायचं आणि मध्ये ड्रॉपरने पाणी, एकेक थेंब. काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा वेगवेगळ्या वेगाने पसरत कडेला जातात. स्केचपेन पाण्यात विरघळणारंच हवं, पर्मनंट मार्कर ढिम्म हलत नाही. वाळला की घडी घालून कापायचा. प्रत्येकाचा काळा वेगळा निघतो, कंपनीनुसार. यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण चाललं होतं, कुणाचं काळं जास्त चांगलं.

रानजाई | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

धाकटीसाठी. ठळक शिरांचं पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरा वर. त्यावर पातळ कागद, आणि वेष्टण काढलेला लाल मेणखडू आडवा धरून घासायचा. (हो, दोनचष्मे, एकाच खडूचं वेष्टण, वचन!) पानाचं चित्र शिरांसकट उमटतं. चार वर्षांच्या हाताला रेषेत रंगवणं जमत नाही, घासणं मात्र उत्तम जमतं. अशी सहा-सात पानं कापून मध्ये पिवळे ठिपके दिले की पॉइन्सेटिया, नाताळात दिसणारं ते लाल फुलझाड.

आणि ते शास्त्रालाही धरून आहे. पॉइन्सेटियाच्या लाल 'पाकळ्या' खरोखर पानंच असतात, फुलं म्हणजे मधले ते पिवळे बारके दाणे. मूळ मेक्सिकोचं झाड, रात्री लांबल्या की पानं लाल धरतात.

निवांत | ५ डिसेंबर, रात्री ९:३०

मिठाच्या पिठाच्या टांगण्या कोणी सांगितल्याच नाहीत. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी, पाव इंच जाड लाटून आकार कापायचे, दोरीचं भोक ओलं असतानाच पाडायचं. ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास किंवा नुसतेच दोन-तीन दिवस वाळवायचे, मग रंग. दमट हवेत मऊ पडतात म्हणून वर वॉर्निश. कुत्रा असेल तर त्याच्या तोंडाच्या टप्प्यात टांगू नका, इतकं मीठ त्याला विषासारखं होतं. शाळेच्या ४० मिनिटांत हे बसणार नाही, सुट्टीतलं काम आहे.

चमकीवाला | ६ डिसेंबर, सकाळी १०:००

चमकीशिवाय नाताळ?

खडूपेटी | ६ डिसेंबर, सकाळी १०:०४

चमकी एकदा आणली होती. त्या वर्गातली मुलं आता नववीत आहेत, फटींतून अजून निघतेय.

शाईचाडाग | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

काल तास झाला. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच निभावलं.

मेणखडू-जलरंगच केलं. नाव पेन्सिलीने मागे, आधी. (खडूपेटी ताई, साष्टांग.) मी लाल आणि हिरवा जलरंग घेतलेच नाहीत. घरी सराव करताना धाकटीने दोन्ही ओले एकमेकांशेजारी लावले आणि क्षणात चिखल झाला. रंगचक्रात समोरासमोरचे रंग, मिसळले की तपकिरीच. म्हणून वर्गात फक्त निळा आणि थोडा जांभळा, म्हणजे कसेही मिसळले तरी रात्रच होते.

कागद चमकत असतानाच वर जाड मीठ भुरभुरायला सांगितलं होतं. मीठ भोवतालचं पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झटकलं की फिकट चांदण्या उरतात. निम्म्या वर्गात जमलं. उरलेल्यांनी एकतर डबकं केलं होतं किंवा मीठ टाकेपर्यंत कागद वाळला होता. एकाने मीठ चाखून जाहीर केलं की हे खरंच मीठ आहे, मग सगळ्यांनी चाखलं. तिसाव्या मिनिटाला पाण्याची वाटी सांडली. एका मुलीने पूर्ण कागद पांढऱ्या खडूने घोटून भरला होता. रंग कुठेच बसेना, सगळीकडून ओघळून गेला. मी सांत्वन करायला गेले तर म्हणाली, "बर्फ पडलाय, सगळं झाकलंय."

डोळ्यांची तपासणी झाली. ठिपक्यांमधले सगळे आकडे पटापट ओळखले.

आणि हिरव्या कोटाचं कारण काल वर्गात पाहिलं. सहा मुलांच्या टेबलावर खडूंची एक टोपली, टोपलीत लाल खडू एक. त्या दिवशी ३८ मुलांना एकाच वेळी लाल हवा होता. संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा साहेब बोलले: "लाल दुसऱ्याकडे होता. तो टोपी करत होता. मग घंटा झाली असती."

खडूपेटी | १९ डिसेंबर, रात्री १०:३०

अगं बाई. माझ्याही टोपल्यांत डिसेंबरअखेर लाल आणि हिरव्याचे नखाएवढे तुकडे उरतात आणि जांभळा, करडा नवेकोरे. इतकी वर्षं बघतेय, पण कधी जोडून पाहिलं नाही. उद्या सुटे लाल खडू घेऊन टाकते.

सरळरेष | २० डिसेंबर, सकाळी ७:४५

माघार. चित्राचं काय केलंत पुढे?

शाईचाडाग | २० डिसेंबर, दुपारी २:१५

त्यानेच मागून तेल लावलं, रात्रभर वर्तमानपत्रात ठेवलं आणि आज सकाळी खिडकीत लावलं, चित्र घराकडे करून. ऊन आलं की कोट बाटलीच्या काचेसारखा हिरवागार दिसतो. बाईंची टीप पण आरपार दिसते, बाहेरून उलटी. धाकटी खाली उभी राहून ती वाचायचा प्रयत्न करतेय. तिला अजून सुलटं पण वाचता येत नाही.